ब्रीजिडबाईंच्या कपाटातला ओफो

हॅलो? … हॅलो, ओबी? … ऐकू येतंय का माझं? … मी न्वाका. अगं न्वाका, तुझी बहीण, आयर्लंडहून बोलतेय. … हो, हो… वारा आहे तो. … जनरेटर कसला गं, वाराच. इथला वारा माणसाला बोलूच देत नाही. … रस्त्यावर उभी आहे, बसच्या थांब्यापाशी. … एकटीच.

… चिदुबेम आत आहे. आत म्हणजे त्या बाईच्या घरात. माझ्या वतीनं माफी मागतोय. … कसली म्हणजे? तेच तर सांगायला फोन केलाय. आधी सांग, पापा कुठे आहेत? … अंगणात? खुर्चीवर? … मग तू जरा घरात जा. … नाही गं, माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या भाच्याचीही. नुसता जाड झालाय, बटाटे खाऊन खाऊन.

… घेतले, घेतले तुझ्या नातींचे बूट. लाल. … हो, मापाचेच आहेत. आता बूट राहू देत, अगं ऐक ना…

… डब्लिन? डब्लिनचं काय सांगू? मोठं आहे. पण आपल्या ओनिच्छाच्या बाजारासारखा जीव नाही त्याच्यात. कोणी कोणाला हाक मारत नाही. दुकानात भाव करता येत नाही. मी एका पोरीला म्हटलं, हे बघ, मीसुद्धा कापडवाली आहे, उगाच फिरवू नकोस, शेवटचं काय ते बोल. तर म्हणते कशी, सहाला बंद करतो आम्ही. … हस तू. मी तिथं उभी होते तोंड वासून.

… गॉलवेलाही नेलं त्यानं. समुद्र आहे. आणि रस्त्यावर चांगल्या घरची पोरं गाणी म्हणतात, पुढ्यात टोपी ठेवून. बूट घातलेली पोरं गं, दात पांढरेशुभ्र. मी चिदुबेमला म्हटलं, ह्यांना आया नाहीत का? … कॉर्क चढावर आहे सगळं. माझ्या गुडघ्यांना विचार कॉर्क कसं आहे.

… हो, हिरवं आहे. शाळेत सिस्टर सांगायच्या तसंच्या तसं हिरवं. पण माणसं कुठे आहेत? गाईच गाई. एकीच्याही मागे गुराखी नाही. आणि माणसं भेटलीच तर इतकी मऊ की मी धक्का दिला तरी सॉरी तेच म्हणतात.

… जेवण? विचारू नकोस. बटाटा, बाजूला बटाटा. मी आणलेली मिरची संपत आलीय. … ओकपोरोको मिळाला का? अगं, तीच तर गंमत. आयुष्यभर हा वाळवलेला मासा आपण गोऱ्यांच्या देशातला म्हणून मानानं खातो ना? लग्नात, मयतात, पाहुण्यांच्या ताटात? इथं कुणाला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. मासेवाल्यानं हुंगून बघितला माझ्याकडचा तुकडा आणि चार पावलं मागे सरला.

… चर्चचं नको विचारू. … नको म्हटलं ना. … बरं, ऐक मग. डब्लिनमध्ये एका चर्चचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेले. गुडघा टेकला, क्रूसाची खूण केली, डोळे मिटून एक ‘नमो मारिया’ म्हटली. डोळे उघडले तर समोर माणूस उभा, हातात मेनू घेऊन. … मेनू गं. जेवणाचा. हॉटेल केलंय त्या चर्चचं. वेदी होती तिथं बाटल्या मांडल्यात. … मी कशाला रडू? … हो, रडले थोडी. त्या पोरानं मला चहा पाजला बिचाऱ्यानं, आणि पुन्हा सॉरी म्हणाला.

… चिदुबेम फादर आहे त्या चर्चमध्ये? दहा म्हाताऱ्या, केरळच्या नर्सा, फिलिपिनो दोन घरं आणि आपली पोरं. बस. इथलं तरुण माणूस औषधालाही नाही. गाणी तीच, यांच्याच फादरांनी आपल्याला छड्या मारून शिकवलेली. आता आपण ती यांना म्हणून दाखवायची. मी एका आजीला विचारलं, तुमची माणसं कुठे गेली? तर म्हणाली, ती हल्ली येत नाहीत. बस बंद झाल्याचं सांगावं ना, तसं सांगितलं.

… मग काय म्हणू? फसवलं आपल्याला. स्वच्छ फसवलं. आपल्याला सगळं टाकायला लावलं आणि हे स्वतः केव्हाच उठून गेले. … नाही, फादर टिअर्नींना नाही म्हणत. म्हणजे, तेच… ओबी, तू घरात गेलीस का? … दार लावलंस? … लाव आधी.

… तर ऐक. मी आज फादर टिअर्नींच्या गावात आहे. … तेच, पापांच्या खाटेमागच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते, दाढीवाले. … तू तेव्हा झाली नव्हतीस, मीही नव्हते. पापाच म्हणाले होते ना, कबरीवर फुलं ठेव म्हणून. वर हेही म्हणाले होते, फुलं ठेव आणि लगेच ये, तिथं नातेवाईक-बितेवाईक शोधत बसू नकोस. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

… शोधलं नाही गं मी कुणाला. कबरीवर एक बाई गवत काढत होत्या. त्यांची भाचीच निघाली. ब्रीजिडबाई. सत्तरी गाठलीय, पण ताठ. चहाला चला म्हणाल्या. इथं चहाला नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं की पुन्हा विचारतात. गेलो. बसलो. समोर काचेचं कपाट, त्यात कपबश्या, कुणाची पदकं, एक पोर्सेलीनचा कुत्रा. आणि कुत्र्याशेजारी…

… ओबी, आपला ओफो. … ओफो. घराण्याचा. आजोबांच्या हातातली ती मानाची काठी. … मी शुद्धीवर आहे. … नाही, तसलाच दुसऱ्या कुणाचा नाही. पापा काय सांगायचे आठव. मोठ्या काकांनी आणि पापांनी लहानपणी खेळता खेळता पाडला, टोकाला चीर गेली, आणि आजोबांनी सायकलच्या आऱ्याची तार गुंडाळली तिच्यावर. आपल्या गावातली पहिली सायकल. … हो. तीच तार. गंजलीय, पण तीच. आणि वीतभर काठी ती, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. … फोटो नाही काढला. सुचलंच नाही.

… जाळला होता. तेच तर. सगळ्या गावाला माहीत आहे की जाळला होता. फादर टिअर्नींनी शाळेपुढे मोठा जाळ केला होता आणि सगळ्यांनी आपापल्या घरचं आणून टाकलं होतं. मूर्ती, काठ्या, सगळं. पापांनी आपल्या हातानं ओफो टाकला. सतरा वर्षांचा पोरगा. दर ज्युबिलीला चर्चमध्ये उभं करून सांगायला लावतात ना त्यांना? आणि टाळ्या?

… आणि पलीकडे काका. तेव्हा काका एनुगूला कोळशाच्या खाणीत. आजोबा नुकतेच गेलेले. ओफो थोरल्या मुलाचा, म्हणजे काकांचा. ते गावी येऊन बघतात तर राख. भाऊबंदांच्या बैठकीत ज्याच्या हातात ओफो नाही त्याचा शब्द कोण ऐकणार? जन्मभर मागे बसवलं त्यांना. सगळ्यांत वडील माणूस, आणि मानाचं कोलाफळ फोडायला त्याच्याहून लहान माणूस पुढे. … तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण मला बोलू दे, ओबी. मला बोलायचंय.

… दोन घरांमधली भिंत कोणी बांधली? काकांनी बांधली. आणि बरोबरच केलं असं आता वाटायला लागलंय मला. … उझो माझ्याच वयाची होती. काकांची मुलगी. एका ताटात जेवायचो आम्ही चोरून. तिच्या मयताला मला येऊ दिलं नाही. मी भिंतीपाशी बाक ठेवून त्यावर उभी राहिले आणि तिला नेताना बघितलं. … तू नायजर नदीपलीकडे होतीस तेव्हा. तू नाही बघितलंस.

… हो, ऐक. मी काय केलं म्हणजे? मी उठले आणि त्या बाईंना म्हटलं, चोर आहात तुम्ही. … असंच म्हटलं. तुमच्या मामांनी आमच्या पोरांच्या हातून आमचं सगळं जाळून घेतलं आणि त्यातलं चांगलं ते घरी पाठवलं, कुत्र्याशेजारी ठेवायला. आम्हाला म्हणाले सैतानाचं आहे. तुमच्या कपाटात येऊन ते शोभेचं झालं का? … चिदुबेमनं कपाळाला हात लावला. आई, आई करत होता. मी म्हटलं, तू गप. तू फादर असशील लोकांना.

… त्या? त्या रागावल्या नाहीत, तेच तर. शांतपणे म्हणाल्या, मामांनी चोरला नाही. एका मुलानं आणून दिला होता. गुपचूप. जाळायला हात होत नाही, सांभाळाल का म्हणाला. मामा म्हणायचे, तो परत न्यायला येईल, तोवर विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. म्युझियमवाला आला होता म्हणे मागायला, त्याला चहा पाजून परत पाठवला. … मुलाचं नाव सांगितलं ना, आपल्या पापांचंच. सिप्रियन.

… मलाही तेच वाटलं. खोटं बोलतायत. स्वतःच्या मामाचं झाकायला आपल्या पापांवर घालतायत. पापा, ज्यांनी चाळीस वर्षं हेडमास्तरकी केली, खोटं बोललं म्हणून स्वतःच्या पोरींना गुडघ्यांवर उभं केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा तसाच टाकला आणि बाहेर आले. … आता मला सांग, पापांना हे कसं सांगायचं? त्यांचा देव आहे तो फादर. हे कळलं तर… म्हणून म्हटलं तू आत जा, आणि आधी दोघींनी ठरवू…

… ओबी? … कोण बोलतंय तिथं? … खिडकीत कोण आहे? …

पापा? … कधीपासून उभे आहात? … हो. … हो, मीच. … बरी आहे मी, पापा. तुम्ही बसा आधी. ओबी, खुर्ची दे त्यांना. … नाही पापा, त्या बाई काय वाटेल ते बोलत होत्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी सुनावलंय त्यांना चांगलं. आपण इथल्या बिशपना कळवू, चिदुबेम…

… काय? … बिशपना कशाला नाही? …

… पापा, वारा आहे इथं, नीट ऐकू येत नाहीये. परत बोला. … कोणाला बोलायला नको होतं मी? … ब्रीजिडबाईंना? …

… खरं आहे म्हणजे? …

… पापा, खरं आहे म्हणजे काय? …

… थांबा. … थांबा. मग जाळात काय टाकलंत तुम्ही? सगळ्या गावासमोर? … कशाचा? … कुदळीचा दांडा. … कापडात गुंडाळून. … बरं.

… नाही, रागावले नाही. मला समजत नाहीये. … हो, फादर म्हणाले जाळ, आणि तुमचा हात उचलेना. वडिलांच्या हातातली वस्तू. ते समजतंय, पापा. सतरा वर्षांचे होतात. मी असते तर मीही तेच केलं असतं. पण मग सांगितलं का नाहीत? … फादरांची नोकरी गेली असती? … बरं. ते तर मग रजेवर गेले, आणि तिकडेच वारले. त्यानंतर? … चर्चनं तुम्हाला कॅटेकिस्ट केलं होतं, धर्म शिकवायला. बरं. त्यानंतर? … हेडमास्तर केलं. … त्यानंतर, पापा? …

… मी आवाज चढवत नाहीये. मी फक्त विचारतेय. काका भिंतीपलीकडे होते. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दादा, जाळला नाही, आहे, सांभाळून ठेवलाय. एवढंच. हे एवढं बोलायला काय लागतं? … चर्चमध्ये काय म्हणाले असते! आणि काका काय म्हणत होते साठ वर्षं, ते? ते चाललं तुम्हाला?

… उझोच्या मयताला तुम्ही माझ्या शेजारी होतात. मी बाकावर उभी, आणि तुम्ही खाली, माझा हात धरून. म्हणालात, त्यांचं मन दगडाचं आहे, आपण प्रार्थना करू. … केली ना मी. रोज केली. काकांचं मन देवानं मऊ करावं म्हणून. … पापा, मी कोणाच्या मनासाठी प्रार्थना करत होते?

… तुम्ही रडू नका. … ओबी, पाणी दे त्यांना. … …

… हो, ऐकतेय. … नाही. … नाही, पापा. … तिथंच राहू दे? कपाटात? … मी गेल्यावर आण. … हे तुमचं शेवटचं का? … आणि काका आधी गेले तर? गेल्या महिन्यात दोनदा दवाखान्यात नेलंय त्यांना, ओबी सांगत होती. … मग? … बोला ना. … म्हणजे तुमच्यातला आधी कोण जातो ते बघत बसायचं आम्ही? … हो, तोंड कसं दाखवणार, ते कळतंय मला. कळतंय.

… पापा, फोन ओबीला द्या. … द्या तिला. … मी विचार करून सांगेन. … नाही, शब्द देत नाही. द्या तिला.

… ओबी. … कुठे गेले? … खोलीत? … जाऊ दे त्यांना. … मला माहीत नव्हतं गं. मला कसं माहीत असणार? मी तर बिचाऱ्या त्या बाईंना चोर म्हणून… थांब. थांब जरा. … चिदुबेम येतोय. … आणि त्याही. … ब्रीजिडबाई, स्वयंपाकघरातला कपडा आहे त्यांच्या हातात. … कपड्यात तोच. घेऊन आल्यात.

… अगं, द्यायलाच आल्यात. म्हणतात, त्याची मुलगी आली म्हणजे तो मुलगाच आल्यासारखं, घेऊन जा. … मी चोर म्हटलं आणि ह्या मला… ओबी, माझी अवस्था काय सांगू. जमिनीत गडप व्हावं असं झालंय.

… नाही घेतला अजून. … कसा घेऊ? बाईनं हात लावायचा का ओफोला? … हो, मी ख्रिश्चन आहे. जपमाळ आहे माझ्या पर्समध्ये. पण हात पुढे होत नाहीये, काय करू? … चिदुबेम? तो म्हणतो मी फादर आहे, मी कसा धरू, लोक काय म्हणतील. बघ. त्याचा सोवळेपणा वेगळा, माझा वेगळा. आणि त्या बाई, ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही, त्या दर शनिवारी धूळ पुसतात म्हणे त्याची. त्यांच्याच हातात आहे. पाऊस लागलाय, भिजतायत बिचाऱ्या.

… ओबी, ऐक माझं. पलीकडे जा. … पलीकडे. काकांकडे. … मला माहीत आहे कोणी जात नाही. तू जा. भिंतीवरून नको, रस्त्यानं जा, गेटमधून, माणसासारखी. … पापांना काय म्हणायचं ते म्हणू देत. साठ वर्षं तेच म्हणतायत. … काकांची सून दार उघडेल. तिला म्हण, न्वाकाचा फोन आहे, परदेशातून. परदेश म्हटलं की कुणीही दार उघडतं. … जा. मी धरून आहे.

… चाललीस? … हो. … कुत्रा भुंकतोय, ऐकू आलं. … उघडलं? … काय म्हणाली? … दे त्यांच्या कानाशी. जोरात बोलू का? … ऐकू येतं त्यांना? बरं.

… काका? … नमस्कार करते, काका. … मी न्वाका. सिप्रियनची मोठी. … हो, कापडवाली, ओनिच्छाची. … हो काका, मीच ती, भिंतीवर चढायची ती. … तुम्ही बघितलं होतंत? … …

… काका, मी लांब आहे, फादर टिअर्नींच्या गावात. तुम्हाला एक सांगायचंय. फोन ठेवू नका. … ओफो जळला नाही. … जळला नाही, काका. इथं आहे. माझ्या समोर. … …

… काका? … ओबी, ते ठीक आहेत ना? … फोन घट्ट धरलाय? … बरं.

… हो काका. … हो, आऱ्याची तार आहे. … टोकाला चीर आहे. … नाही, मी खोटं बोलत नाही, तुमची शपथ. … कोणी आणला? … पापांनी दिला होता फादरना. जाळवेना म्हणून. … हो. … हो, तेव्हापासून माहीत होतं त्यांना. … नाही, आम्हाला नव्हतं. मला आज कळलं. आत्ता. … …

… काय, काका? … आता कोणाच्या हातात आहे? … एका बाईंच्या. इथल्याच. … नाही, मी नाही धरला. मी बाई… … काय म्हणालात? … परत म्हणा, काका, वारा आहे. …

… तू घे. … ‘तू आमच्या घरची मुलगी आहेस, तू घे.’ … …

… हो, काका. … घेतला. … हो, दोन्ही हातांनी. … हलका आहे, काका. इतका हलका आहे. … मी आणते. पहिल्या विमानानं आणते. तुमच्या हातात देते. तोवर तुम्ही… हो. हो.

… पापा? पापा घरीच आहेत, त्यांच्या खोलीत. … आत्ता? … काका, तुम्हाला उठवत नाही ना… ओबी! अगं काय चाललंय तिथं? … उठतायत? … सुनेला सांग, एका बाजूनं धर. तू दुसऱ्या. … फोन बंद करू नकोस, खिशात टाक पण बंद करू नकोस. … …

… चिदुबेम, थांब रे, बोलू नकोस मध्ये. काका चालत पापांकडे निघालेत. … हो, ह्यांनाही सांग. सांग, भाऊ निघालाय म्हणावं. … …

… हां, ओबी. कुठवर आलात? … रस्त्यावर. … सावकाश गं. … लोक बघतायत? बघू देत. … गेटमध्ये थांबलेत. का? … अच्छा, बघतायत. आंब्याचं झाड कुठे गेलं विचारतायत? सांग, वादळात पडलं म्हणून. … आले आत? काका आपल्या अंगणात आले? …

… पायरी चढले. … दारापाशी. … कडी? पापांनी कडी लावलीय? … दिवसाढवळ्या? … तू वाजव ना. … काकाच वाजवतायत. … काठीनं. … काय म्हणाले? … ‘सिप्रियन, मी आलोय. बाहेर ये.’ … एवढंच? … रागानं म्हणाले की… … नाही? हळू? …

… आणि पापा? … ओबी, बोल ना. … आहेत ना आत? … हालचाल ऐकू येतेय? … पुन्हा वाजवा म्हणावं. …

… बोलले? पापा बोलले? … काय म्हणाले? … …

… काय? … …

… ‘घरात कोणी नाही.’ … …

… पापाच म्हणाले? आतून? … पापांचाच आवाज? … …

… नाही, मी नाही रडत. … काका उभेच आहेत का? … अगं, त्यांना बसव. पापांची खुर्ची आण अंगणातली. … दाराजवळच ठेव. … बसले? … काठी मांडीवर घेऊन? … बरं. बसू देत. तूही बस त्यांच्याजवळ. सुनेला घरी पाठव.

… माझी बस आली. … नाही, ही सोडते मी, ब्रीजिडबाईंकडे जाऊन बसते, चहा राहिलाय त्यांचा. … तू ठेव आता, तुझी बॅटरी जाईल. पापांनी दार उघडलं की फोन कर. … नाही गं, अधूनमधून नको. … उघडलं तरच कर.